मूळ यादी

राजनंदिनी : छान म्हंजे काय? एवढंच?

सृष्टी : छान म्हणजे छान. तू लिहिलेली कोडची लायब्ररी चालतेय, सगळी फंक्शनं बरोबर उत्तर देतायत. उद्या पुण्याच्या कंपनीची माणसं कोडिंगच्या क्लासमध्ये येतील, तू दाखव, नोकरीला तुलाच घेतील. आता झोपू दे मला.

राजनंदिनी : अजून आठ बी वाजलं न्हाईत, झोपती कुटली?

सृष्टी : डोकं दुखतंय.

राजनंदिनी : सोलापुरात आल्यापास्नं आपण एकाच खोलीत हाय. मी काय बी लिहिलं की तू आदी चुका काढतीस. नाव वंगाळ दिलंस, कंस कुटं बी उघडलास, लई ऐकवतीस. आन आज छान? मला भ्याव वाटतंय ते ऐकून.

सृष्टी : चुका काढल्या तरी पंचाईत, नाही काढल्या तरी पंचाईत.

राजनंदिनी : काय लपवतीस? माझ्याकडं बघून बोल की.

(सृष्टी उठून बसते, राजनंदिनीचा लॅपटॉप स्वतःकडे ओढते.)

सृष्टी : तुझं क्रम लावायचं फंक्शन. उद्या वडिलांच्या डेअरीची यादी दाखवणार आहेस ना, अकलूजची?

राजनंदिनी : व्हय. दूध घालायला कोण कुणाच्या आदी आलं, त्या क्रमानं नावं हायत. फंक्शन चालवलं की जास्त फॅटवाला वर येतोय.

सृष्टी : येतो. आता मूळ यादी परत उघडून बघ.

राजनंदिनी : ही बी फॅटपरमाणंच लागली की. मग पयला कोण आला हुता, ते कसं कळायचं?

सृष्टी : नाही कळणार. जावास्क्रिप्टचं सॉर्ट मूळ यादीच हलवून टाकतं. आधी यादीची प्रत काढायची आणि क्रम प्रतीला लावायचा. एका ओळीचं काम आहे.

राजनंदिनी : उद्या कुणीतरी इचारलंच असतं.

सृष्टी : पहिला प्रश्न हाच आला असता.

राजनंदिनी : तुला कवा दिसलं हे?

सृष्टी : परवा.

राजनंदिनी : परवा. आन गप बसलीस.

सृष्टी : डोकं नव्हतं दुखत, पोटात दुखत होतं माझ्या. तू आलीस तेव्हा फंक्शन कशाशी खातात तेही तुला माहीत नव्हतं. मी शिकवलं. आणि परवा सरांनी फळ्यावर तुझा कोड लिहिला, म्हणाले, राजनंदिनीसारखं लिहा. माझी लायब्ररी तुझ्या तिप्पट मोठी आहे गं. पण त्यातलं एकही फंक्शन मला लागलं म्हणून मी लिहिलेलं नाही. ह्याचं बघून, त्याचं बघून नुसती भर घातली. तू घरच्या डेअरीला लागतं तेवढंच लिहिलंस. जळले मी. कंपनी एकीलाच घेणार, आणि कुर्डुवाडीला आईबाबांना मी सांगून बसलेय, नोकरी मलाच लागणार म्हणून.

राजनंदिनी : म्हंजे उद्या सगळ्यांफुडं मी तोंडावर पडावं, असं वाटत हुतं तुला.

सृष्टी : नुसतं वाटत नव्हतं. त्यांच्यासमोर हात वर करून ही चूक मीच दाखवणार होते.

राजनंदिनी : मग आत्ता का सांगितलंस?

सृष्टी : तू विचारलंस म्हणून. नसतं विचारलंस तर सांगितलं नसतं, आता खोटं कशाला बोलू?

राजनंदिनी : दे हिकडं लॅपटॉप. प्रत कशी काढायची?

सृष्टी : चौकोनी कंस, आत तीन टिंबं, मग यादीचं नाव. हां, असंच. चालव आता.

राजनंदिनी : ऱ्हायली मूळ यादी जागच्या जागी.

सृष्टी : राजू, बोल ना काहीतरी. शिव्या तरी दे.

राजनंदिनी : दुसऱ्या कशात चूक हाय?

सृष्टी : नाही. शप्पथ, बाकी सगळं बरोबर आहे.

राजनंदिनी : बरं. तू जेवून घे जा, मेसचं ताट झाकून ठिवलंय. मी सगळी फंक्शनं एकदा परत तपासती.