क्रमांक चौदा आणि गॅलरीखालचा कोपरा

दिनांक ९ नोव्हेंबर २०१७, गुरुवार. सकाळी १० वाजून १५ मिनिटे.

मी, पुष्कर दत्तात्रय नेवरेकर, वय २३ वर्षे, धंदा जपानी भाषा शाळेत शिक्षण व जेवणाचे डबे भरण्याच्या कारखान्यात अर्धवेळ काम, शिक्षण बारावी उत्तीर्ण, मेकॅनिकल डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सुटला, मूळ राहणार पिंपरी, पुणे, सध्या राहणार इचिकावा, चिबा, समक्ष हजर राहून सांगतो की,

मला जपानी बोलता येते, पण लिहिताना चुका होतात. म्हणून हा जबाब मी स्वतःच्या हाताने मराठीत लिहीत आहे. दुभाषी श्रीमती ज्योत्स्ना पारसनीस शेजारी बसल्या आहेत. त्या तोक्योत बँकेत नोकरी करतात व आज रजा काढून आल्या आहेत. तपास अधिकारी श्री. ओगुरा यांनी मला फक्त जिन्यावर काय घडले तेवढेच लिहायला सांगितले. परंतु येत्या शनिवारी एदोहारा विद्यापीठाच्या बास्केटबॉल क्लबची सभा आहे. त्या सभेत सहायक प्रशिक्षक ईश्वरी राजाध्यक्ष यांना क्लबमधून काढण्याचा विषय आहे. त्यांना काढू नये असे माझे म्हणणे आहे आणि त्याचे कारण या जबाबात आले पाहिजे. म्हणून मी पहिल्यापासून लिहीत आहे. श्री. ओगुरा यांनी हरकत घेतली नाही. त्यांनी आणखी चार कागद आणून दिले.

मी ऑक्टोबर २०१५ मध्ये जपानला आलो. शनिवारी व रविवारी माझी पाळी दुपारी बाराला सुटते. घरी जाताना विद्यापीठाचे क्रीडागृह लागते. सामन्यांना प्रवेश फुकट असतो. पुण्यात मी जिल्हा स्पर्धांमध्ये गुणलेखकाचे काम करत असे. आल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात आतून शिट्टी ऐकू आली म्हणून मी बूट काढून आत गेलो. तेव्हापासून तिथला एकही सामना मी चुकवलेला नाही. विद्यापीठाशी माझा दुसरा काही संबंध नाही. तिथे माझे नाव कोणाला माहीत नव्हते.

माझी जागा ठरलेली आहे. गॅलरीत उत्तरेकडून पहिली खुर्ची. ती दाराजवळ आहे आणि शेजारी कोणी बसत नाही. २०११ च्या भूकंपानंतर गॅलरीच्या कठड्याला मजबुतीसाठी लोखंडी पत्रे लावलेले आहेत. सामना चालू असताना तिथे कोणी उभे राहत नाही, म्हणून मीही कधी उभा राहिलो नाही.

जुने प्रशिक्षक मार्च महिन्यात निवृत्त झाले. त्यांच्या जागी श्री. मियाशिता आले. त्यांचे वय २५. ते विद्यापीठाच्या क्रीडा कार्यालयात नोकरीला होते आणि त्यांनी यापूर्वी कोणताही संघ सांभाळलेला नव्हता. त्यांच्या हाताखाली दोन विद्यार्थी. त्यांपैकी एक ईश्वरी, वय २०, तिसरे वर्ष. वरून मला या तिघांची फक्त डोकी दिसत. ईश्वरी मराठी आहेत हे मला माहीत नव्हते.

सप्टेंबरच्या दोन तारखेला स्पर्धा सुरू झाली. पहिले चारही सामने संघ हरला. बाकावर बसलेल्या तिघांना काय करावे ते कळत नाही, हे वरून स्पष्ट दिसत होते. श्री. मियाशिता वही उघडत, काही न वाचता मिटत. चौथ्या पराभवानंतर ते डोके पूर्ण भादरून आले. चूक कबूल करण्याची ही इथली पद्धत आहे. मला त्याचा राग आला. केस काढल्याने चेंडू आत जात नाही.

मी कधीही ओरडलो नाही. मी लिहिले. दारात, बुटांच्या कप्प्यांवर, प्रेक्षकांच्या अभिप्रायासाठी पुठ्ठ्याची पेटी ठेवलेली असते. प्रत्येक सामन्यानंतर मी एक कागद त्यात टाकला. वरच्या अर्ध्या भागात प्रत्येक खेळाडूचे गुण, रिबाउंड आणि पास, खाली माझे मत. सर्व मराठीत. इथे ते कोणी वाचणार नाही, पेटी रिकामी करणारा माणूस ते रद्दीत टाकेल, असे मी धरून चाललो होतो. तरीही पक्का कागद करण्यापूर्वी मी कच्चा कागद करत असे.

त्यातील काही मजकूर आता पुरावा म्हणून इथे आहे, म्हणून उतरवून देतो. दुसरा कागद: "टाइमआउट फार उशिरा घेतला. सामना गेल्यावर थांबवून काय उपयोग?" पुढच्या सामन्यात त्यांनी उत्तरार्धातले तिन्ही टाइमआउट घाईघाईने संपवले. तिसरा कागद: "शेवटी एकही टाइमआउट शिल्लक नाही. लहान मुलाच्या हाती खाऊ दिल्यासारखा प्रकार." त्याच्या पुढच्या सामन्यात त्यांनी एकही घेतला नाही. चौथा कागद: "टाइमआउट घरी न्यायचे होते काय?" इतकी धरसोड मी कोणत्याही संघात पाहिलेली नव्हती. त्यामागे काही कारण असेल असे माझ्या मनात आले नाही.

आता क्रमांक चौदाबद्दल. चौदा म्हणजे कुदो, चौथ्या वर्षाचा खेळाडू. पहिल्या चार कागदांवर त्याच्या नावापुढे सर्व मिळून चार गुण, दोन रिबाउंड आणि शून्य पास आहेत. खाली मी लिहिले आहे: "कोपऱ्यात जातो आणि दिसेनासा होतो. सुट्टीवर आल्यासारखा खेळतो." पाचव्या सामन्यापासून कुदोला बाकावर बसवले. संघाचा खेळ आणखी बिघडला. सहाव्या कागदावर मी लिहिले की चौदाला एकदा उतरवून पाहावे. सातव्या सामन्यात त्याला उतरवले. सातव्या कागदावर त्याचे सर्व रकाने शून्य आहेत. आठव्या सामन्यात तो पुन्हा बाकावर होता. गुणलेखकाने डोळ्यांनी न पाहिलेली गोष्ट लिहायची नसते, असे मला शिकवले होते. मी तसेच केले.

रविवार, ५ नोव्हेंबर रोजी नववा आणि शेवटचा सामना झाला. हरणारा संघ खालच्या गटात जाणार होता. शेवटची तीन मिनिटे उरली असता संघ दहा गुणांनी मागे होता. तेव्हा श्री. मियाशिता यांनी कुदोला उतरवले. त्या तीन मिनिटांत संघाने नऊ गुण केले. चेंडू माझ्या बाजूच्या कोपऱ्याकडे जाई आणि तिथून बास्केटखाली मोकळ्या उभ्या असलेल्या खेळाडूकडे येई. पास कोणी दिला हे मला दिसले नाही, म्हणून तो रकाना मी रिकामा ठेवला. संघ ६१-६४ असा हरला. नंतर सर्व खेळाडू रांगेत उभे राहिले आणि नेहमीप्रमाणे गॅलरीकडे तोंड करून वाकले. दोन वर्षांत मी प्रत्येक वेळी उलट वाकलो होतो. त्या दिवशी वाकलो नाही.

चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास मी जिना उतरत होतो. कठड्याला बांधलेला क्लबचा कापडी फलक सोडायला ईश्वरी वर येत होत्या. त्यांच्या काखेत एक फाइल आणि खेळाडूंच्या जागा दाखवण्याची चुंबकाची फळी होती. जिना अरुंद आहे. त्या बाजूला झाल्या. मी उतरलो नाही. मी मराठीत म्हणालो, "चौदा नंबरला इतके दिवस कोणी बसवलं? खेळ कळतो का तुम्हाला?" मराठीत अशासाठी, की त्यांना समजू नये.

त्या वर बघत राहिल्या. मग मराठीत म्हणाल्या, "तुम्ही पेटीवाले काका?"



लगेच त्या म्हणाल्या, "तुम्ही लिहिलं ना, म्हणून बसवला."

मला त्याचा अर्थ लागला नाही. त्या मला उडवून लावत आहेत असे वाटले. मी म्हणालो, "ती फळी द्या इकडे, मी दाखवतो." मी फळीला हात लावला. त्याच वेळी त्यांचा पाय पायरीवरून सुटला व त्या पाच पायऱ्या खाली, डाव्या हातावर पडल्या. पडताना त्या "सुमिमासेन", म्हणजे माफ करा, असे म्हणाल्या.

फाइल उघडून कागद जिन्यावर पसरले. ते माझे कागद होते. प्रत्येक कागद वेगळ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात होता. माझ्या प्रत्येक ओळीखाली पेन्सिलने जपानी भाषांतर होते, दोन वेगळ्या अक्षरांत. काही ओळी लाल शाईने अधोरेखित होत्या. कुदोच्या शून्यांभोवती वर्तुळे होती. मी आधी कागद गोळा केले आणि पायरीवर बसून एक ते आठ असा क्रम लावला. त्याला किती वेळ लागला हे मला सांगता येत नाही. खाली हजर असलेल्या साक्षीदाराच्या सांगण्यावरून श्री. ओगुरा तो वेळ सुमारे एक मिनिट धरतात. त्यानंतर मी ईश्वरी यांच्या हाताकडे पाहिले.

रुग्णालयात मनगटाची दोन हाडे मोडल्याचे समजले. तिथे ईश्वरी यांच्या आई श्रीमती वृंदा राजाध्यक्ष आल्या. मी उभा राहिलो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाल्या, "अरे, तू तर पोरगा आहेस. आम्ही तुला साठीचा धरून चाललो होतो."

त्यांनी मला जे सांगितले ते असे. पेटीतला पहिला कागद कोणालाच वाचता येईना, तेव्हा ईश्वरी तो घरी घेऊन गेल्या. त्यांना लहानपणी आईने मराठी वाचायला शिकवले होते, पण घरी त्या उत्तर जपानीतच देत. त्यानंतर प्रत्येक सामन्याच्या दुसऱ्या दिवशी दोघी जेवणाच्या टेबलावर बसून माझ्या कागदाचा अर्थ लावत. "सुट्टीवर आल्यासारखा" हे जपानीत कसे सांगावे यावर त्यांचा अर्धा तास गेला होता. श्री. मियाशिता प्रत्येक कागद सर्वांना वाचून दाखवत. आपल्याला काही येत नाही, वरच्या माणसाला सगळे दिसते, तो म्हणतो तसे करू, असे ते म्हणत. लिहिणारा माणूस भरवशाचा आहे, असे ईश्वरी यांनी त्यांना सांगितले होते. खेळाडूंपैकी काहींनी विरोध केला तेव्हा या कागदांची जबाबदारी ईश्वरी यांनी स्वतःवर घेतली होती.

श्रीमती वृंदा म्हणाल्या, "शुद्धलेखनाची एक चूक नसायची तुझी. मी तिला म्हणायचे, बघ, असं लिहावं माणसानं."

नंतर त्यांनी आवाज खाली केला. "ती पोलिसांना घसरले म्हणून सांगते आहे. तूही तेच लिही. व्हिसाला कशाला डाग लावून घेतोस?"

मी बरं म्हणालो.

मंगळवार, ७ नोव्हेंबर रोजी दुपारी दोन वाजता श्री. ओगुरा मला जागेच्या पाहणीसाठी क्रीडागृहात घेऊन गेले. जिन्याची मोजमापे व छायाचित्रे झाल्यावर माझी बसण्याची जागा नोंदवायची होती. मला माझ्या खुर्चीवर बसवले. क्लबतर्फे कुदो हजर होता. मोजायच्या फितीचे एक टोक त्याच्या हाती देऊन त्याला खाली मैदानात पाठवले. श्री. ओगुरा यांनी मला विचारले, कुदो दिसतो का? मला पत्र्याखाली गेलेली फीत दिसत होती. कुदो दिसत नव्हता. मी विचारले की तो कुठे उभा आहे. श्री. ओगुरा यांनी वाकून खाली विचारले. कुदोने सांगितले, सामन्यात उभा राहतो तिथेच.

मी खुर्चीवरून उठलो. तेव्हा तो दिसला. फितीचे टोक दोन्ही हातांनी धरून तो कोपऱ्यात उभा होता. मला पाहून तो वाकला.

त्या कोपऱ्यातून त्याने खेळलेल्या सामन्यांत किती पास दिले, सहकाऱ्यांसाठी किती वेळा प्रतिस्पर्धी अडवला, हे आता सांगता येणार नाही. ते कोणी लिहून ठेवलेले नाही. जे लिहून ठेवले आहे ते मी लिहिलेले आहे. कुदोला बसवण्याचा दोष श्री. मियाशिता किंवा ईश्वरी यांचा नाही. ती माझ्या खुर्चीची चूक आहे. हे शनिवारच्या सभेत वाचून दाखवावे, अशी माझी विनंती आहे. नववा कागद माझ्या खिशात होता, तो सोबत जोडत आहे.

इथपर्यंत लिहून मी कागद श्री. ओगुरा यांच्याकडे दिले. त्यांनी क्लबच्या कार्यालयाला दूरध्वनी केला. नंतर श्रीमती ज्योत्स्ना यांच्यामार्फत मला सांगितले की, ईश्वरी यांनी काल बुधवारीच राजीनामा दिला असून तो मंजूर झाला आहे. श्री. मियाशिता यांनाही पदावरून कमी केले आहे. शनिवारच्या सभेत आता तो विषय नाही. क्लबचा भाग जबाबातून काढून टाकायचा असल्यास काढता येईल, असेही त्यांनी सांगितले. मी राहू द्या म्हणालो.

त्यानंतर श्रीमती ज्योत्स्ना यांनी सर्व जबाब मोठ्याने वाचला, आधी मराठीत, मग जपानीत. काही बदलायचे आहे का असे विचारल्यावर मी दोन दुरुस्त्या सांगितल्या.

पहिली: जिन्याच्या परिच्छेदात "मी फळीला हात लावला" असे आहे, ते खोडून "मी फळी ओढली" असे करावे. श्रीमती ज्योत्स्ना यांनी हे जपानीत सांगण्याआधी मला हळूच विचारले, "पुष्कर, याचा अर्थ काय होतो ते कळतंय ना तुला? तिने घसरले म्हणून सही केली आहे." मी कळतंय म्हणालो. शब्द खोडले, वर नवे लिहिले आणि त्याच्या बाजूला डाव्या हाताच्या तर्जनीचा ठसा दिला.

दुसरी: पुरावा म्हणून घेतलेल्या एक ते आठ व सोबत जोडलेल्या नवव्या कागदावर क्रमांक चौदापुढे जिथे जिथे शून्य आहे, तिथे "दिसले नाही" असे लिहावे. पुराव्याच्या कागदांवर काही लिहिता येत नाही व बास्केटबॉलचे आकडे या ठाण्याच्या कामात येत नाहीत, असे सांगण्यात आले. ती दुरुस्ती केलेली नाही.

बाकी जबाब मी दोन्ही भाषांत ऐकला. मी पाहिले तेवढे त्यात बरोबर आले आहे.

(सही) पुष्कर दत्तात्रय नेवरेकर