ऋताचा गुडघा

…नाही हो, राग नाही आला, तेच तर सांगतोय! तेहतीस वर्षांचा घोडा मी, बोरिवलीत राहतो, एकवीस मुली बघून झाल्या, आता कुणी हो म्हटलं काय, नाही म्हटलं काय… मला काही वाटत नाही! पोहे खाल्ले की निघालो. पण तुम्हाला सांगतो, आपले वडील आपल्या नावानं लग्नाच्या साइटवर बसून तीन महिने एका मुलीशी चॅटिंग करतायत, हे कळल्यावर माणसानं करायचं काय?

बाबा रिटायर्ड, आई गेल्यापासून दिवसभर घरात एकटेच. शनिवारी माझ्यापुढे फाइल आपटली. सगळं चॅटिंग प्रिंट काढून, स्पायरल बाइंडिंग करून, लाल पेनानं खुणा! "देवव्रत, उद्या मुलुंडला ऋताला भेटायचंय. तिला वाटतंय तूच लिहितोस. एवढं पाठ कर." दहावीची परीक्षा आहे का ही? पण मला काही वाटत नाही ना… बसलो पाठ करत!

तर मुलुंडच्या हॉटेलात समोर ऋता, मध्ये इडली, आणि मी आपला फाइलचं पान बारा म्हणायला लागलो. "गुडघा कसा आहे आता?"

"कुणाचा?"

"तुमचाच की! जिना उतरताना कळ येते ना?"

"तो बाबांचा!" मग डोळे बारीक करून, "आणि तुमची शुगर?"

म्हटलं, "ती… आमच्या बाबांची."

तिनं पर्समधून कागद काढला. तिच्या बाबांनीसुद्धा मुद्दे लिहून दिले होते! म्हणजे तीन महिने 'चहा झाला का?', 'केला, पण एकट्याला पिववत नाही'… हे दोन म्हातारे एकमेकांना! आणि दोघांनाही पत्ता नाही!

ती हसली हो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. दोन तास बसलो आम्ही. आणि इथं, छातीत, काहीतरी हललं… एकवीस मुलींनंतर पहिल्यांदा! घरी येऊन बाबांना सगळा घोळ सांगितला, ते तिकडे कुणाशी बोलत होते तेही, आणि म्हटलं, "बाबा, माझा होकार."

बुधवारी तिचा फोन. "देवव्रत, तू चांगला आहेस रे. पण मी बाबांच्या फोनवर सगळं चॅटिंग वाचलं. ज्याला एकट्याला चहा पिववत नाही ना, तसा माणूस हवाय मला. तू दोन तासांत सात वेळा म्हणालास, मला काही वाटत नाही."

मोजलं होतं तिनं! आणि मी काय म्हणावं? सवय हो, सवय! म्हणालो, "ठीक आहे, मला काही वाटत नाही." फोन ठेवला आणि तासभर किचनमध्ये नुसता उभा. वाटतं हो! वाटतं! पण आता सांगू कुणाला?

बाबांना सांगायला गेलो, तर ते आरशासमोर, हातात गुडघ्याच्या तेलाची बाटली. ऋताच्या बाबांना, सुबोधरावांना भेटायला निघाले होते. आता दर आठवड्याला जातात. "देवव्रत, हा निळा शर्ट बरा दिसतो का रे?"

म्हटलं, "झकास."

"आणि ती फाइल दे इकडे. माझी आहे ती."

दिली. घरात एकाचं तरी जमलं एकदाचं. दार लावलं, चहा टाकला, गाळला, कप घेऊन बसलो…

नाही पिववला हो.