उतारावरची सतरंजी

—नाही, पाण्याचा काही संबंध नाही साहेब, आणि ते झुडूप उपटू नका. हात लावू नका म्हणते ना! आमचे हे पाणी घालत नाहीत असं सांगितलं कुणी? वॉचमननं? तो बसल्या खुर्चीत घोरतो, त्याच्या अंगावर पाणी ओतलं तरी त्याला कळायचं नाही! नळी बघा, अजून ओली आहे. तीस वर्षं माळीकाम केलंय ह्यांनी—वाळकी काठी रोवली तर पालवी फुटेल असा हात होता—आहे. आहे म्हणायचं होतं मला.

उतारावर गवत नको, कापायचं यंत्र घसरतं, त्यापेक्षा ही बुटकी झुडपं लावा—तुमचाच हुकूम. खोटं कशाला बोलू, चांगलाच होता. बारा महिने हिरवी, वीतभर उंच, एकमेकांत शिरून जमीन झाकतात, आम्ही सतरंजीच म्हणतो. खालचा अर्धा उतार बघा की! आहे ना सतरंजी? तोच माळी, तेच पाणी. वरची वाळली ती उन्हानं. हो, उन्हानंच. मग खाली काय चांदणं पडतं, असं नका बघू माझ्याकडे. चौथी शिकलेय मी, धड खोटं बोलायला पाचवी लागत असेल.

बरं, ऐका. पण हळू—हे हौदापाशीच आहेत. रोपं पिशवीतनं येतात ना, तर मी ब्लेडनं चीर द्यायची, ह्यांनी पिशवी ओढून काढायची आणि लावायचं. लग्नापासून असंच. ह्या खेपेला तिसऱ्या ओळीत बघितलं—ओढल्यासारखं करतायत, आणि रोप पिशवीसकट खड्ड्यात! काळी पिशवी, काळी माती—आणि माळी काय डोळ्यांनी लावतो होय? बोटांनी लावतो. बोटांना काही लागतच नव्हतं, साहेब. मी पिशवी काढूनच द्यायला गेले, तर म्हणाले, "हात मोडलेत काय माझे?" माझं तोंड फाटकं, सासूला सोडलं नाही, तुम्हाला सोडत नाहीये—पण ह्यांचे हात मातीत, चेहरा असा खुशीत, "यंदा बघच तू" म्हणतायत—काय सांगू? की तुमची बोटं मेली? पुढचं रोप दिलं. सगळा उतार दिला तसाच. मीच दिला.

आता रोज हे उठायच्या आत येते, एकेक उकरते, पिशवी काढते, परत लावते. अर्धा उतार झाला, पंधरा दिवस द्या. कामावरनं काढलं, मागची खोली सोडा म्हणता—सोडू, दोन ट्रंका तर आहेत. पण कागदावर कारण लिहाल ना? ह्यांना वाचता येत नाही, तो कागद मलाच वाचून दाखवायला लावतील. माझं नाव लिहा. बायकोनं पाणी तोडलं लिहा, बायको कजाग आहे, साहेबाच्या अंगावर धावून आली लिहा, काहीही लिहा, पण हात नका लि—

अहो, उपटलंत शेवटी!

बघा आता. बघा मुळं कशी गोल गोल फिरलीत, बाहेर वाट नाही म्हणून. झालं समाधान? ठेवा, ठेवा आत, हे येतायत. बुटानं नाही, हातानं दाबा! तुमच्या बोटांना लागते ना माती? मग दाबा नीट.

—काही नाही हो! साहेब निघालेत!

निघा ना.