दोरीवरचे बोंबील

सुरभी : आई, हे दोरीवर काय टांगलंय तुम्ही?

प्रभावती : बोंबील व. तुह्या बाबानं वसईहून बर्फात घालून रेल्वेनं धाडले न, तेच. तू हापशीवर गेलती, तवा तुह्या दिरानं स्टेशनवरून डब्बा आणून देल्ला.

सुरभी : अहो, पण ते ताजे होते!

प्रभावती : कायचे ताजे? उघडून पाह्यतो त नुसते लिबलिबीत. हातात धरला त दोन्हीकून लोंबे. म्या म्हनलं, तुह्या बाबाले कोनी फसवलं, न वाळवताच इकले. मंग मीठ चोळलं, शेपटीले सुतळी बांधली आन टाकले उन्हात.

सुरभी : ओला बोंबील कधी पाहिलाच नाही तुम्ही?

प्रभावती : बोरी अरबच्या बाजारात लीलाबाई इकते थो लाकडावानी कडक. मले वाटे, समुद्रात बी थो तसाच पोहते.

सुरभी : (हसू आणि रडू एकदमच) तसाच पोहतो! अहो, त्याच्या अंगात सगळं पाणीच. काटासुद्धा मऊ. लग्न झाल्यापासून ओल्या बोंबलाची वाट बघतेय मी.

प्रभावती : रडू नको माय. घरात ठिवाले जागा कुठी हाय? औंदा भाव पडला, समद्या खोल्या कापसानं भरल्या. त्याले मासोळीचा वास लागला त कोन घेईन? तुहा नवरा राजदीप घरी असता त त्यानं सांगतलं असतं, पन थो पडला कापसाची गाडी घेऊन खरेदी केंद्रावर, रांगेत.

सुरभी : म्हणून सगळेच वाळत घातलेत?

प्रभावती : आता खरं सांगतो. उद्या तू माहेरी चालली. गावातल्या बाया म्हनतात, समुद्राकडची पोरगी, एकडाव गेली का परतत नाही. म्हनलं, तिच्या आवडीचं घरात राहीन त येईन तरी. येशीन न व?

सुरभी : ते बघू नंतर. आधी ही सुतळी सोडा. शेपटीला कुणी बांधतं का? तोंड उघडा त्याचं.

प्रभावती : बापा! केवढा जबडा! आन दात पाह्य, सुयाच.

सुरभी : सगळे आतल्या बाजूला वळलेले. धरलेली कोलंबी सुटत नाही त्याच्या तोंडून. आता दुसरा घ्या, दोघांचे जबडे एकमेकांत अडकवा. हं, टाका जोडी दोरीवर.

प्रभावती : सुतळी नाही, काही नाही! आन वारं सुटलं त?

सुरभी : तरी नाही पडत. आमच्याकडे बायका अशाच ओळीच्या ओळी भरतात. इथली हवा कोरडी, लवकर वाळतील. चार मात्र खाली काढा. पाट्याखाली दाबू, पाणी निघालं की तांदळाच्या पिठात घोळवून तळू.

प्रभावती : ज्वारीचं पीठ हाय.

सुरभी : चालेल की.

प्रभावती : आन बाकीचे वाळले का धाडून देऊ तुले वसईले?

सुरभी : वसईला कशाला? तिथं दारोदार वाळतात. घट्ट झाकणाचा डबा बघून ठेवा, आई. पावसाळ्यात भाजू आपण दोघी.