सावरीचा पाळणा

कीर्तनाला बसलेली मंडळी, ऐका! जो उलटून बोलत नाही, त्याला लागतच नाही — असं कोणी ठरवलं हो? हां, लगेच माना डोलवू नका! आधी रखमाजी मिस्त्रींची गोष्ट ऐका, मग खुशाल डोलवा.

हे रखमाजी घाटाखालच्या एका गावातले सुतार. सगळा जन्म सागवानात गेला. दारं, चौकटी, तुळया! हात दणकट — आणि आवाज त्याहून दणकट! पत्नी चंद्राबाई मात्र इतक्या मऊ, की मिस्त्री कितीही ओरडले तरी म्हणायच्या, "बरं." संपलं!

लेक हौसा बाळंतपणाला आली. मुलगी झाली. हौसा म्हणाली, "बाबा, पाळणा हलका करा हं. शेतावर न्यायचाय मला." म्हणून मिस्त्रींनी सावरीचं लाकूड आणलं. पांढरं, हलकं, मऊ.

बसले जोड कापायला. एका फळीला खाच, दुसरीला त्या खाचेत बसणारं कुसू. हातात सागवान कापायची तीच पटाशी — धार कधी लावली होती, देव जाणे! मारला ठोका — खप्प! लाकूड कापलंच नाही, चेपलं! आणखी जोरात मारला — कड फाटली!

"हे काय लाकूड आहे? लोणी आहे लोणी!"

चंद्राबाई दारातून म्हणाल्या, "अहो, जरा हळू..."

"तू गप्प! तुला काय कळतं त्यातलं?"

"बरं."

खाच झाली ढिली. आता नवी फळी घ्यावी की नाही? छे! मिस्त्रींनी फटीत भुसा आणि सरस भरला, वरून रंधा फिरवला — चकचकीत! हसताय काय? पाहुणे यायच्या आधी आपण घरातली भांडणं अशीच बुजवतो!

बारशाला बायका जमल्या. बाळाच्या आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवायची रीत. निजवला. झोका दिला — कर्र्र! जोड सुटला, आणि वरवंटा — धप्प! — विहीणबाईंच्या पायाशी!

कोणी हसेना. हौसानं बाळाला छातीशी घट्ट धरलं.

"लाकूडच हलकट!" मिस्त्री म्हणाले. "आत्ता खिळे ठोकतो!"

चंद्राबाई मध्ये उभ्या राहिल्या. "नाही. माझी नात यात निजणार नाही."

मंडळी, त्या घरात हा शब्द कोणी ऐकलाच नव्हता! मिस्त्रींचा हातोडा हवेतच राहिला. बाळाचं नाव आजीच्या मांडीवर ठेवलं गेलं.

पाहुणे गेले. मिस्त्री पडवीत सुटलेला जोड बघत बसले. चेपलेलं, फाटलेलं लाकूड. मग उठले. मनगटावरचे केस उडतील इतकी धार पटाशीला लावली. हातोडा बाजूला ठेवला. नव्या फळीवर नुसत्या हाताच्या दाबानं पातळ, पातळ ढलप्या काढत गेले. चंद्राबाईंनी फळी धरली. शेवटी तळहातानं दाबलं — कुसू सरकन आत! फट शोधून सापडेना!

जुन्या फळीवरून बोट फिरवत मिस्त्री हळूच म्हणाले, "फार लागलं का गं?"

"लाकडाला विचारताय, का मला?"

मिस्त्रींनी फळी खाली ठेवली. म्हणाले, "तुला."

चंद्राबाईंनी पदर सावरला, खाली बसल्या, आणि सांगायला लागल्या. चुलीवरचा चहा आटला, तरी सांगतच होत्या! मिस्त्री ऐकत होते.

तर पुरुष मंडळी, असे खाली बघू नका! घरी जाऊन विचारा. आणि विचारल्यावर — उत्तर संपेपर्यंत उठू नका! मृदंगवाले बुवा, जरा हळू वाजवा... बायकांच्या बाजूनं आत्ताच कोणीतरी बोलायला लागलंय!