उलटा घातलेला कोट

मी समक्ष हजर राहून जबाब देते की, नाटकमंडळी मला सुईताई म्हणतात. वय ५४, धंदा नाटकाचे कपडे शिवणे, राहणार कापडबाजारामागे, शिवणघराच्या माडीवर. हरवलेली व्यक्ती माझा थोरला भाऊ असून वय ६७, धंदा नट. घरात आम्ही दोघेच.

दादाचा आज दुपारी बाजारचौकात एकपात्री प्रयोग होता. उघड्यावरचे काम, पडदा नाही, विंग नाही, कपडे बदलायला आडोसा नाही. त्यामुळे सगळी पात्रे एकाच कोटात बसवावी लागली. ते काम माझे.

दोन वर्षांपासून दादा विसरतो. मंडळींना आम्ही हे सांगितले नव्हते, कारण नाटक सुटले असते तर तो हाय खाऊन गेला असता. पाठांतर डोक्यात राहीना म्हणून मी ते खिशांत घातले. डाव्या खिशात खडू, हाताला लागला की तो मास्तर होतो. उजव्या खिशात चाव्या, मग पहारेकरी. आतल्या खिशात बाळाचा लोकरी मोजा, मग बाप. शेवटी कोट उलटा करून घालायचा, की घर हरवलेला म्हातारा. बोटांना फरक कळावा म्हणून अस्तर मुद्दाम खरखरीत लावले. कोट अंगावर बेतताना दादा म्हणाला, "सुईबाई, तू तर मला आख्खा शिवून काढलंस की गं!" मी म्हटले, "हलू नकोस, टाचणी टोचेल."

प्रयोग छान झाला. दादा कुठेही अडखळला नाही. शेवटी म्हातारा "माझं घर कुठं आहे हो?" असे विचारत गर्दीतून गल्लीत निघून जातो आणि टाळ्या पडल्या की परत येऊन वाकतो. दादा गेला. टाळ्या पडल्या, बराच वेळ पडल्या. तो आला नाही.

गल्लीच्या तोंडाशी चपला शिवणारे काका म्हणाले, "मलाही विचारलं त्यांनी. मी म्हटलं, वा, काय काम करता! डोळ्यांत खरं पाणी होतं हो त्यांच्या." पुढे दूधवाल्यानेही तेच सांगितले. सर्वांनी कौतुक केले, वाट कोणी दाखवली नाही. त्यांना काय बोलणार? दिसायला तो नाटकातलाच होता.

वर्णन: उंच, किडकिडीत, डाव्या भुवईवर व्रण. कोट उलटा, राखाडी अस्तर बाहेर, त्यावर ठिगळे. हवालदारसाहेबांनी 'फाटका' लिहिले होते, ते मी खोडायला लावले. ठिगळे नवी आहेत, चहाच्या पाण्यात बुडवून मी ती जुनी केली आहेत.

खिशात पत्ता होता का, असे विचारल्यावरून सांगते की, नव्हता. प्रत्येक सोंगाची खूण मी त्या कोटात ठेवली. परत येण्याची ठेवायची राहून गेली. हे मला आता दिसते आहे आणि सहन होत नाही.

माझी विनंती आहे की, कोणी म्हातारा घर विचारू लागला तर गस्तीवरच्यांनी हसू नये. कोट सुलटा करून घालावा व उजव्या खिशात हात घालायला लावावा. तो आधी पहारेकरी होऊन दरडावेल, दरडावू द्यावे. चाव्या आमच्याच घराच्या आहेत.

लिहिलेला मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. "माझं घर कुठं आहे हो" हे वाक्य हवालदारसाहेबांनी मोठ्याने वाचले, तेव्हा मी दाराकडे पाहिले. बाकी सर्व बरोबर आहे.