‘ऊठ’ म्हननारा वस्ताद

— आधी ती हाताची घडी सोडा, वस्ताद. आल्यापासनं बघते, त्या सिनेमातल्या म्हाताऱ्यावानी उभं हायसा. बसा खाटंवर. होस्टेलचा कागद ठेवा बाजूला, माझा अंगठा काय पळून चाललाय का? माझी नात जया घरात न्हाई. कुठं गेली ते सांगते मागनं. सुनंनं चहा टाकलाय, तिला वेळ लागतो, घाई करू नका.

काय म्हनला? सिनेमा कसा वाटला? खरं सांगू? थू. तालमीतल्या पोरींना जिद्द कळावी म्हनून जीप भरून नगरला नेलं, चांगलं केलं — आन मी आले ती काय सिनेमाला न्हाई, पाच पोरी आन एक बाप्या म्हनून राखनीला आले, राग नका मानू — पर दावलं काय तुमी? एक दांडगा गडी, इजारीवरनं चड्डी घातलेली, पाठीला लुगडं बांधलेलं. त्याला उडायचं हाय. उडून कुठं जायचं हाय ते कुनी इचारलं न्हाई. डोंगरावर एक दाढीवाला गुरू. ह्यो कड्यावरनं पडतो, गुरू हाताची घडी घालून म्हंतो, ऊठ. परत पडतो. ऊठ. तिसऱ्यांदा पडला तवा मी जयाला म्हनलं, आगं, ह्याच्या अंगावर ओरखडा न्हाई, घाम न्हाई, केसाचा भांगसुदिक मोडला न्हाई — आन बारा वर्सं झाली म्हनं शिकून. तुमची ती रेश्मा मक्याच्या लाह्या घेऊन येईपतूर झाली त्याची बारा वर्सं. आन गुरू मेला तवा तुमी डोळं पुसलं. बघितलं मी. रुमाल निळा हुता.

गुरू मला नका दावू. गुरू मी स्वता हुते — हसू नका. ऊसतोडीचे बत्तीस सीझन काढल्यात मी. तिथं नवराबायको मिळून एक कोयता धरत्यात. बाप्यानं तोडायचं, बाईनं मोळी बांधायची आन डोक्यावर घेऊन ट्रकात चढवायची. ट्रकाला टेकवलेली एक फळी असती, वीत-दीड वीत रुंद, पहाटच्या दवानं निसरडी झालेली. धरायला काय न्हाई. खाली बघितलं की गेली बाई. किती नव्या सुनांना ती फळी शिकवली मी — रंगुबाईच्या दोन, आक्काबाईची एक, आन माझी लंका. त्या दाढीवाल्याला म्हनावं, कड्यावरनं पडायला काय अक्कल लागती, डोक्यावर मोळी घेऊन चढून दाव.

लंका म्हंजी हीच, चुलीपुढची. जयाची आई. लग्नानंतरचा पहिलाच सीझन हुता तिचा. तिसऱ्या दिवशी पडली फळीवरनं, मोळीसकट, खुब्यावर. सगळी टोळी थांबली. मी खाली उभी. मी काय केलं? हाच सिनेमा. म्हनलं, ऊठ. रडलीस तर उद्यापासनं तुमाला अर्धा कोयता धरतील, मजुरीबी अर्धी. ऊठ. आन उठली, वस्ताद. ओठ चावून उठली आन त्या दिशी आनखी अकरा मोळ्या चढवल्या. मी मोजल्या. बाया म्हनल्या, सून घडवावी तर हिनं. मुकादम म्हनला, म्हातारे, तुझ्या जिभंत जादू हाय. मी ती गोष्ट सांगत फिरले की — लग्नात, कारखान्यावर, दळनाच्या रांगंत. काय चुकलं? जिद्दच न्हवं का ती? तुमचीच जिद्द.

पाच महिने तोडला ऊस तिनं त्या पायावर. सीझन सरल्यावर नगरच्या डॉक्टरनं फोटो काढला, उजेडाला धरला आन मला इचारलं, ही बाई चालत कशी हुती? हाड तडकलं हुतं म्हनला, आता वाकडंच जुळून आलंय. मी म्हनलं — काय म्हनलं मी? म्हनलं, मी ऊठ म्हनले हुते. असं तोंडातनं गेलं. डॉक्टरनं फोटो पाकिटात घातला.

हे मी तुमाला कशापायी सांगतीया? सिनेमाचं चाललं हुतं. तर गुरू मेला ते बरं झालं. जिता राह्यला असता तर त्या गड्याला रोज लंगडताना बघावं लागलं असतं त्याला. सुटला मेला.

आता जया. काल तालमीतनं आली आन उंबरा डाव्या पायानं ओलांडला. ही पोरगी कधी डावा पाय आधी घरात टाकत न्हाई. म्हनलं, दाव उजवा. घोटा वांग्याएवढा. कवापासनं? तर चार दिस. वस्तादाला सांगितलं का? न्हाई म्हनली — पडनारा हरत न्हाई आजी, न उठनारा हरतो. सिनेमात हाय तसं, आन वस्तादबी रोज म्हनत्यात. म्हनता का? — म्हनता. मग घोटा कुनी बघायचा? दाढीवाल्यानं? सकाळी बजरंग चुलत्याच्या मोटरसायकलीवर बसवून धाडलीया पाय दावायला. तुमाला ठावंच न्हवतं. आन तिला दीड वर्स त्या कुस्तीच्या होस्टेलात शिकवाय घेऊन चाललाय तुमी.

पोरीच्या अंगात कुस्ती हाय, मलाबी दिसतं. गेली न्हाई तर फळीच चढंल, तेबी दिसतं. पर माझा अंगठा मागू नका. कागदावर आईचा अंगठा म्हनून लिव्हलंय न्हवं? मग आईला इचारा. ती एकच इचारंल — माझी पोरगी पडली आन उठली न्हाई, तर तुमी काय करनार? मला नका सांगू. माझं त्यात तोंड न्हाई.

झाला बघा चहा. लंका उठतीया. आधी भित्त धरती, मग गुडघा टेकती, मग — बसली परत. तसंच असतंय. ह्या घरात तिला कुनी हात देत न्हाई, ती रीत मीच पाडली. सतरा वर्सं झाली, ती मागतबी न्हाई. आता माझं गुडघं उठू देत न्हाईत. उठू देत हुते, तवा मी दिला न्हाई.

परत घडी घातली तुमी हाताची.

परक्याच्या बाईला हात लावायचा न्हाई, व्हय, ठावं हाय मला. कागद राहू द्या तिथं. उठा, वस्ताद. हात द्या तिला.